टाके निघाले, खांदा बाकी आहे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत खांदा दुखतो म्हणून सहसा कोणी सुटी घेत नाही. कंबर धरली तर माणूस बसतो, गुडघा सुजला तर लंगडतो आणि लोकांना ते दिसतं. खांदा दुखला की तो दुसऱ्या हाताने काम करतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या माजरी क्षेत्रातल्या उघड्या खाणींत आता कोळसा शॉव्हेल भरतं आणि डंपर वाहून नेतो हे खरं. पण विजेवर चालणाऱ्या शॉव्हेलची मनगटाएवढी जाड केबल जागेवरून हलवायची तर केबलमनलाच ती उचलावी लागते. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की पंप खलाशी पाइप ओढतात. वर्कशॉपमध्ये गंजलेली पिन निघत नसेल तर फिटर घण उचलतो. खाणीचं फाटक ओलांडून शेतात आलं की पाठीवर फवारणीचा पंप असतो आणि त्याचा दांडा दिवसभर एकाच हाताने वरखाली करायचा असतो. बायांच्या कमरेला कापसाची ओटी आणि डोक्यावर गाठोडं. आणखी पूर्वेला, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, सरपणाची मोळी, कुऱ्हाड आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता.

असं दहा-पंधरा वर्षं चालतं. मग एखाद्या रात्री त्या कुशीवर झोपणं अशक्य होतं, सकाळी शर्टाच्या बाहीत हात जात नाही आणि दवाखान्यात माणूस सांगतो, "हात वर जाऊनच नाही राहिला, साहेब." सोनोग्राफी होते, एमआरआयसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागतं, अहवालात कंडरा फाटल्याचं लिहून येतं आणि ऑपरेशन ठरतं. दहा-बारा दिवसांत टाके निघतात. घरचे समजतात, सुटलो. खांदा मात्र अजून सहा महिने तरी दुरुस्तीला असतो, आणि माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण ही की या सहा महिन्यांना कोणी धनी नसतो. सर्जनचं काम संपलेलं असतं, कंपनीला हजेरी हवी असते, घरच्यांना घरातलं काम हवं असतं आणि फिजिओथेरपिस्ट वीस-चाळीस किलोमीटरवर बसलेला असतो.

खांद्याची रचना समजली तर हे सहा महिने का लागतात ते कळतं. मांडीचं हाड कमरेच्या खोल खोबणीत रुतून बसतं, म्हणून तो सांधा भक्कम असतो आणि फार फिरत नाही. खांद्याची खोबण उथळ आहे. बशीत ठेवलेल्या लिंबासारखा दंडाच्या हाडाचा गोळा तिला टेकलेला असतो. कुठल्याही क्षणी त्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खोबणीला लागलेला असतो. त्यामुळे हात पाठीमागे जातो, डोक्यावर जातो, गोल फिरतो. या मोकळेपणाची किंमत चार लहान स्नायू मोजतात. खांद्याच्या फऱ्यावरून निघून ते दंडाच्या गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. त्यांना एकत्रितपणे 'रोटेटर कफ' म्हणतात. त्यांतला वरचा, सुप्रास्पायनेटस, सगळ्यांत जास्त फाटतो, कारण त्याची कंडरा हाडाच्या एका छपराखालच्या अरुंद जागेतून जाते आणि वय वाढेल तशी तिची झीज होत जाते. पन्नाशीच्या केबलमनचा खांदा एका झटक्यात 'टक' करून गेला असं तो सांगतो तेव्हा बहुतेक वेळा दोरी आधीच विरलेली असते. त्या दिवशी फक्त शेवटचे धागे तुटतात.

या दुखण्याचा पहिला शिस्तशीर अभ्यास बॉस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन याने केला. तुटलेली सुप्रास्पायनेटसची कंडरा त्याने १९०९ साली शिवली आणि १९११ मध्ये त्याबद्दल लिहिलं. १९३४ साली त्याचं 'द शोल्डर' हे जाडजूड पुस्तक आलं. 'फ्रोझन शोल्डर' हा आज गावोगावी ऐकू येणारा शब्दही त्याचाच. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांचे खांदे हा त्याच्या अभ्यासाचा मोठा भाग होता. त्याचा दुसरा हट्ट मात्र त्याला महागात पडला. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे ऑपरेशनच्या टेबलावर किंवा टाके काढताना ठरवू नका, रुग्णाला वर्षभराने बोलावून बघा आणि निकाल उघडपणे मांडा, असं तो म्हणायचा. सहकाऱ्यांना हे झेपलं नाही आणि १९१४ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधलं पद सोडलं. शंभर वर्षांनंतरही रुग्णालयातून सुटी मिळणं हीच आपल्याकडे बरं होण्याची खूण मानली जाते, म्हणून हा चक्रम माणूस मला फार आवडतो.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. खाणीत कामावर इजा झाली तर तिची नोंद 'आयओडी' म्हणून होते. त्या नोंदीला तारीख लागते, वेळ लागते, साक्षीदार लागतो. दगड पडून मोडलेल्या हाताला हे सगळं असतं. वर्षानुवर्षं विरत गेलेल्या कंडरेला तारीख कुठून आणायची? म्हणून असे बहुतेक खांदे कागदावर 'वयोमानानुसार' होतात, आणि त्यानंतरची सगळी रजा माणसाच्या स्वतःच्या खात्यातून जाते. कायमस्वरूपी कामगाराकडे निदान रजेचं खातं तरी असतं. मातीचा थर काढणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला असलेल्या मुलाकडे तेही नसतं.

फाटलेली प्रत्येक कंडरा शिवावीच लागते असंही नाही. अमेरिकेत साडेचारशेच्या आसपास रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अपघाताविना, झिजून पूर्ण फाटलेल्या कंडरेसाठी या लोकांना आधी १२ आठवडे ठरावीक व्यायाम दिले. दोन वर्षांनी पाहिलं तर त्यांतल्या तीन-चतुर्थांश लोकांनी ऑपरेशन करून घेतलं नव्हतं. कंडरा आपोआप जुळली होती असं नाही. उरलेले स्नायू काम वाटून घ्यायला शिकले होते. पण तरुण माणसाचा खांदा मोटारसायकलवरून पडून फाटला असेल, हात एकदम वर जाईनासा झाला असेल तर थांबण्यात नुकसान असतं, कारण काम बंद पडलेला स्नायू महिन्या-महिन्याने आक्रसतो आणि त्यात चरबी भरत जाते. तेव्हा कोणी सहा आठवडे व्यायाम सुचवला म्हणजे त्याने टाळलं आणि ऑपरेशन सुचवलं म्हणजे त्याने लुबाडलं, असे दोन्ही समज बाजूला ठेवावेत.

ऑपरेशन आता बहुधा दुर्बिणीतून होतं. हाडात बारीक अँकर बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा हाडाला बांधतात. दोरा त्या दिवशी मजबूत असतो, पण दोरा हा मुक्कामापुरता आधार. खरी जुळणी शरीराला करायची असते. पहिले काही दिवस सूज. मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत कच्चे, विस्कळीत धागे भरत जातात. त्यानंतर कित्येक महिने हे धागे ओढीच्या दिशेने रांगेत लागून घट्ट होत जातात. मूळचा सांधा होता तसा पुन्हा कधीच होत नाही, तिथे व्रणाची जोडणी तयार होते. ती चांगली असेल तर आयुष्यभर पुरते. पुन्हा फाटायचं असेल तर ते बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फाटतं, म्हणजे नेमकं माणसाला 'आता बरं वाटतंय' असं वाटू लागतं तेव्हा.

आता एक आकडा, जो प्रत्येक रुग्णाला सांगायला हवा असं मला वाटतं. माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. साठ किलोच्या माणसाचा तीन किलो. हातात काहीही न धरता नुसता हात आडवा, खांद्याच्या रेषेत उचलला तर आतल्या सांध्यावरचा दाब जवळपास पूर्ण शरीराच्या वजनाइतका होतो, कारण लांब हात तोलून धरायला जवळ लागलेल्या स्नायूंना प्रचंड जोर काढावा लागतो. "मी काही वजन उचललं नाही, फक्त खुंटीवरची पिशवी काढली," असं कोणी चौथ्या आठवड्यात म्हणाला तर त्याने काय केलं ते या हिशेबावरून कळतं. फिजिओथेरपीतला पहिला भेद याच हिशेबावर उभा आहे: हात दुसऱ्याने हलवणं वेगळं आणि आपण हलवणं वेगळं. हालचाल तीच दिसते, पण पहिल्यात शिवलेल्या कंडरेवर ओढ फार कमी येते आणि दुसऱ्यात पुरती येते.

पहिली रात्र सगळ्यांना फसवते. ऑपरेशनच्या आधी मानेजवळ सुई देऊन अख्खा हात बधिर केलेला असतो. त्या संध्याकाळी रुग्ण खुशीत असतो, भेटायला आलेल्यांना सांगतो की काहीच दुखत नाही. बारा ते चोवीस तासांत बधिरपणा उतरतो आणि मध्यरात्री कळ सुरू होते. दुखण्याची वाट न बघता, बधिरपणा उतरायच्या आधीच ठरलेली गोळी घेतली की ही रात्र निम्मी सोपी होते. सपाट झोपल्यावर खांदा मागे कलंडतो, म्हणून पाठीला उशा लावून अर्धवट बसत झोपावं आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. पुष्कळ लोक पहिले काही आठवडे खुर्चीतच झोपतात आणि त्यात काही वावगं नाही.

हात गळ्यात अडकवायची झोळी चार ते सहा आठवडे. पुस्तकात हे एका ओळीत येतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्यात ते एवढं सोपं नसतं. पारा ४६-४७ वर, काखेत दंड चिकटलेला, घामाने कातडी पांढरी पडून सोलते, बुरशी येते आणि चौथ्या दिवशी माणूस झोळी काढून खुंटीला टांगतो. यावर उपाय साधा आहे, पण तो कोणी करून दाखवत नाही. जखमेला पाणी लागू द्यायची परवानगी मिळाली की न्हाणीघरात कमरेत थोडं वाकून उभं राहायचं, हात गुरुत्वानेच पुढे लोंबकळू द्यायचा, म्हणजे काख उघडते. दुसऱ्या हाताने ती धुवायची, पंच्याने टिपून कोरडी करायची, मऊ सुती कापडाची घडी ठेवायची आणि पुन्हा झोळी. हात स्वतःच्या जोराने बाजूला उचलायचा नाही. शर्ट बटणांचा घ्यावा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बायकांनी पुढून बंद होणारे ब्लाउज आधीच शिवून घ्यावेत, कारण हात पाठीमागे नेण्याची हालचाल सगळ्यांत उशिरा परत येते.

आणि एक गोष्ट, जी परदेशी पत्रकांत कधीच सापडणार नाही. डावा खांदा शिवलेला असेल तर संडासात धुवायचं कसं? उजव्या हाताने हे करायचं म्हटलं की जुना माणूस कानकोंडा होतो, आणि कोणाला न सांगता डावा हात मागे नेतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडणारा हा ताण मोजायला कोणी नसतं. शिवाय उकिडवं बसून उठताना भिंतीला किंवा नळाला हात लावून शरीर वर खेचायची सवय असते. ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवावी, जेट स्प्रे बसवावा, उजव्या हाताची सवय करून घ्यावी. फिजिओथेरपिस्टने लाज सोडून विचारावं, कारण रुग्ण आपणहून सांगणार नाही.

मनगट, बोटं आणि कोपर मात्र पहिल्याच दिवसापासून हलवायची. मूठ उघडायची-मिटायची, कोपर सरळ करायचं. दंडाच्या स्नायूचंही ऑपरेशन झालं असेल तर कोपराबद्दल वेगळं विचारावं. हे केलं नाही तर हात सुजून बोटं जड होतात आणि खांद्याआधी कोपरच आखडतं.

मग लोलक. हा व्यायाम कॉडमनच्या नावाने ओळखला जातो, आणि दिसायला इतका सोपा आहे की बहुतेक जण तो चुकीचा करतात. ओट्याला किंवा टेबलाला चांगल्या हाताचा आधार द्यायचा, कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल खाली सोडायचा. हलवायचं असतं ते कंबर आणि पाय. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेलं की हात मागोमाग झुलतो. पहिल्यांदा करताना माणूस हटकून हातच गोल गोल फिरवतो, तोंडाने आकडे मोजतो आणि जितकं मोठं वर्तुळ तितका जास्त फायदा असं समजतो. अनुभवी फिजिओ अशा वेळी बोलत नाही. फऱ्याच्या वरच्या खळग्यात दोन बोटं ठेवतो. आतला स्नायू टणक लागला तर रुग्ण हात उचलतोय, मऊ लागला तर झुलवतोय. मग रुग्णाचीच दुसऱ्या हाताची बोटं तिथे ठेवून त्याला फरक दाखवतो. घरी आरसा नसला तरी ही तपासणी जमते. वर्तुळ लहानच ठेवायचं. मोठ्या वर्तुळाला स्नायू कामाला लागतात.

लवकर हलवावं की सहा आठवडे गप्प ठेवावं यावर सर्जनांत आजही एकमत नाही. लवकर सुरू केलं तर पहिल्या काही महिन्यांत हालचाल जास्त मिळते. वर्षभराने दोन्ही गट जवळजवळ सारखे दिसतात. पण फाट मोठी असेल, कंडरा पातळ असेल तर घाई केल्याने पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून शेजारच्या माणसाचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही. त्याचा खांदा निखळला होता आणि सांध्याची गादी शिवली, आपली कंडरा शिवली. तिसऱ्याचं हाड मोडून पट्टी बसवली. निखळलेल्या खांद्यात हात बाहेर फिरवणं काही आठवडे वर्ज्य असतं, पट्टी बसवलेल्या हाडात हालचाल बरीच आधी सुरू होऊ शकते. माजरीसारख्या कॉलनीत दोन खांदेवाले एकाच वरांड्यात बसून एकमेकांचे व्यायाम करतात, हे प्रेमळ असलं तरी घातक आहे.

सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून हात आपल्या जोराने उचलायचा टप्पा येतो. आधी आडवं झोपून, कारण तिथे हाताचं वजन कमी भासतं. दोन्ही हातांनी काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. दाराच्या चौकटीला कप्पी लावून दोरीने ओढायचं. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि पोहोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. गावात हा प्रकार सगळ्यांत लोकप्रिय, कारण प्रगती नातवंडांनाही दिसते. पण खूण वर सरकली म्हणजे खांदा सुधारला असं नाही, आणि इथेच शिकलेल्या डोळ्याची गरज लागते. पूर्ण १८० अंश हात वर जातो तेव्हा साधारण १२० अंश सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याच्या सरकण्यातून. सांधा आखडलेला असला की माणूस नकळत सगळं काम फऱ्यावर ढकलतो: खांदा कानाकडे जातो, कंबर मागे वाकते आणि बोटं भिंतीवर वर पोहोचतात. खूण वर, खांदा तिथेच. असं दोन महिने घोटलं तर चुकीची सवय पक्की होते आणि मान धरते. म्हणून चांगला फिजिओ आधी हात सोडून फऱ्यावर काम करतो. छाती किंचित पुढे, फरे मागे-खाली ओढून धरणं, एवढंच. रुग्णाला वाटतं, याचे पैसे कशाला देतोय?

पैशांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. 'फिजिओ' म्हटलं की आपल्याकडे लोकांना मशीन हवं असतं. पंधरा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, त्वचेवर मुंग्या आल्या की काहीतरी झालं असं वाटतं. दुखणं तात्पुरतं कमी करायला त्यांचा उपयोग होतो, पण कंडरेला ओढीच्या दिशेने धागे रचायला शिकवणारं मशीन नाही. ते काम मोजून-मापून वाढवत नेलेल्या भारानेच होतं. बारा आठवड्यांच्या आसपास रबरी पट्टी येते. ती नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची चिरफळी खिडकीच्या गजाला बांधून तोच व्यायाम होतो. नुसतं मशीन लावून रुग्णाला घरी पाठवणारा दवाखाना असेल तर तो बदलावा, असं मी स्पष्ट सांगेन. मालीशवाला आणि हाड बसवणारा यांच्याबद्दल तर आणखी स्पष्ट: आखडलेला खांदा झटका देऊन 'मोकळा' करण्याचा प्रयत्न शिवलेल्या कंडरेवर करू देऊ नये. दाबून-ओढून रडवणारा फिजिओही त्याच माळेतला. व्यायामानंतर थोडं दुखणं ठीक. ते दुसऱ्या दिवशीही रेंगाळलं, रात्रीची झोप मोडू लागलं तर भार जास्त झाला.

आखडण्याबद्दल दोन शब्द. मधुमेह असलेल्यांचा खांदा जास्त आणि जास्त काळ आखडतो, ऑपरेशन असो वा नसो. साखर आटोक्यात ठेवणं हा इथे व्यायामाइतकाच भाग आहे. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. झोळीत अडकलेला माणूस एका हाताने खर्रा घोटू शकत नाही, म्हणून टपरीवरून घोटलेला मागवतो. महिनाभर घरी बसून राहिल्याने पुड्यांची संख्या वाढते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि जिथे आधीच रक्तपुरवठा तुटपुंजा आहे अशा कंडरेची जुळणी त्याने रेंगाळते. बिडी सोडली, आता फक्त खर्रा खातो, असं अभिमानाने सांगणाऱ्यांना हे माहीत नसतं.

भौतिकोपचार हा विषयच आपल्याकडे उशिरा आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली, शेकडो मुलांचे हातपाय लुळे पडले, आणि त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेला हा अभ्यासक्रम शिकवला जातो, वरोरा-भद्रावतीतही खाजगी दवाखाने दिसू लागले आहेत. माजरीच्या शेजारच्याच स्थानकावर, वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हातांना काम दिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच काळात वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड कुष्ठरोगाने आकसलेल्या बोटांवर कंडरा हलवण्याची ऑपरेशनं करत होते, आणि त्यांच्या यशाचा मोठा वाटा ऑपरेशनच्या आधी आणि नंतर महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्नायूंच्या शिकवणीला होता. म्हणजे ही गोष्ट आपल्या भागाला परकी नाही. फक्त खांद्यापर्यंत पोहोचलेली नाही.

खेळाडूंचं उदाहरण लोकांना पटकन पटतं. सचिन तेंडुलकरच्या खांद्याचं ऑपरेशन मार्च २००६ मध्ये लंडनला झालं. वेस्ट इंडीजचा दौरा हुकला आणि १४ सप्टेंबरला क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ केल्या. श्रेयस अय्यरचा डावा खांदा २३ मार्च २०२१ ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर झेप घेताना निखळला, एप्रिलमध्ये ऑपरेशन, सप्टेंबरमध्ये पुन्हा मैदानात. दोघांनाही पाच-सहा महिने लागले. त्यांच्या दिमतीला चोवीस तास फिजिओ, पोहण्यासाठी तलाव, आणि घरी बसूनही चालणारा चरितार्थ होता. तरीही पाच-सहा महिने. केबल उचलणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने दीड महिन्यात 'फिट' लिहून मागावं, यात चूक त्याची नाही, त्याच्या रजेची आहे.

'फिट' की 'अनफिट' या दोनच शब्दांत खांदा बसत नाही. डंपर ऑपरेटरचं बघा. पॉवर स्टिअरिंग असल्याने तीन-चार महिन्यांनी गाडी चालवणं कदाचित जमेल. पण केबिनमध्ये चढायला उभी शिडी आहे आणि तिथे माणूस हातांनी अंग वर खेचतो, दिवसातून कितीदा तरी. म्हणजे ऑपरेटर स्टिअरिंगला फिट आणि शिडीला अनफिट. केबलमनला हजेरीच्या खिडकीवर किंवा स्टोअरच्या नोंदवहीवर बसवता येतं, पण केबलवर सहा महिन्यांच्या आत नाही. कामगाराने दवाखान्याकडून नुसतं 'लाइट ड्यूटी' लिहून घेऊ नये. काय करायचं नाही ते लिहून घ्यावं: डोक्याच्या वर हात नाही, शिडी नाही, अमुक किलोच्या वर वजन नाही, अमुक तारखेपर्यंत. मोटारसायकल साधारण तीन महिने तरी बंद, कारण खड्ड्यात हँडलचा झटका खांद्यालाच बसतो. बायकांच्या कामाला मेडिकल सर्टिफिकेटच नसतं. हंडा, कणीक, वरच्या फळीवरचा डबा, यांपैकी कणीक आधी, हंडा मग आणि फळी शेवटी, हे घरात कोणीतरी मोठ्या आवाजात सांगायला लागतं.

शासकीय आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये सुटीनंतरचा पाठपुरावा साधारण १० दिवसांचा धरलेला असतो. उरलेले साडेपाच महिने रोज दवाखान्यात जाणं माजरीहून कोणालाच परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा नीट तपासणी आणि मधल्या दिवसांत घरी रोज तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं, असं बसवलं तर बहुतेकांचं भागतं. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, बोटं सतत बधिर राहिली, पोटरी सुजली किंवा एकाएकी आवाज होऊन आधी वर जाणारा हात जाईनासा झाला तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

फिजिओला सर्जन भेटलेला नसतो. नागपूरला ऑपरेशन झालं, व्यायाम वरोऱ्याला. दोघांमध्ये दुवा फक्त सुटीचा कागद. त्यावर बऱ्याचदा औषधं आणि 'फिजिओथेरपी करावी' एवढंच असतं. रुग्णालयातून निघताना नातेवाइकाने चार गोष्टी लिहून मागाव्यात: कोणती कंडरा, फाट किती सेंटिमीटरची होती, शिवणीवर ताण होता का, आणि झोळी काढण्याची, हात आपल्या जोराने उचलण्याची व वजन घेण्याची तारीख वेगवेगळी. डॉक्टर घाईत असले तर निवासी डॉक्टरांकडून घ्याव्यात, ते देतात. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण कागद घामाने आणि हळदीने दोन महिन्यांत वाचण्यासारखा उरत नाही.